लेझर कुणावर पडला

हार्लनला गप्प बसायला सांगणं म्हणजे कुत्र्यापुढे हाडूक टाकून त्याला नुसतं बघत बस म्हणायचं. आल्डर काउंटीच्या, म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या, रस्तेखात्यात त्याची अर्धी हयात गेली. हिवाळ्यात बर्फ काढायची गाडी हाणायची, उन्हाळ्यात खड्डे बुजवायचे आणि बारा महिने कुणाची ना कुणाची फिरकी घ्यायची. सोबतच्या डूएनचा जेवणाचा डबा त्यानं एकदा बाकाला वेल्डिंग करून टाकला होता. एकदा काउंटी बोर्डाच्या अध्यक्षांच्या खुर्चीत शिकारीचं नकली बदक बसवलं आणि त्याच्या गळ्यात अध्यक्षांचाच टाय बांधला. सगळे हसले. अध्यक्षही हसले, जरा उशिरानं.

असला माणूस विम्याच्या समितीवर कसा गेला म्हणाल, तर युनियनतर्फे दुसरं कुणी जायला तयार नव्हतं म्हणून. विम्याची बैठक म्हणजे कोर्टाच्या इमारतीचं तळघर, कोमट कॉफी आणि भिंतीवर नुसते आकडे. हार्लन तिथं डुलकी काढायला जायचा आणि येताना बिस्किटं खिशात घालून आणायचा.

त्या दिवशी मात्र एका शब्दानं त्याची झोप उडवली.

विम्याचा दलाल मोठ्या शहरातून आला होता. टोकदार बूट, आणि त्यांवर आमच्या रस्त्यांवर बर्फ वितळायला टाकतात त्या मिठाचे पांढरे डाग. तो सांगत होता, "तुमची काउंटी आपल्या माणसांची दवाखान्याची बिलं स्वतःच भरते. एखाद्याचं बिल फारच वर गेलं, तर वरचा भार उचलायला म्हणून आपण एक कंपनी धरलीय. त्या कंपनीनं या वर्षी तुमच्यातल्या एकावर लेझर लावलाय."

"लेझर?" हार्लन ताठ बसला. "बंदुकीवर असतो तसला?"

"धंद्यातला शब्द आहे, साहेब. म्हणजे बाकी सगळ्यांचा भार कंपनी उचलेल, पण या एकाचा नाही. त्याचं औषध फार महाग आहे. शिरेतून द्यावं लागतं, आणि ते कायमचं. त्याचं काय करायचं ते तुमचं तुम्ही बघा, म्हणते कंपनी."

"कोण आहे हा पाहुणा?"

"हार्लन!" लव्हॉननं टेबलावर पेन आपटलं. लव्हॉन कर्मचारी विभागाची प्रमुख, शाळेत हार्लनच्या पुढच्या बाकावर बसायची. तिच्या वेण्या खुर्चीला बांधणारा कोण होता ते सांगायला नको. "नाव कुणालाच सांगत नाहीत. मलाही नाही."

वाटा दोनच होत्या. एक तर सगळ्यांच्या पगारातून विम्यापायी कापतात ते वाढवायचं, आणि दवाखान्याचा सुरुवातीचा खर्च ज्यानं त्यानं सोसायचा तोही वाढवायचा. नाहीतर ते एक औषध विम्यातून काढून टाकायचं.

"औषध काढलं की प्रश्न मिटला," दलाल म्हणाला, आणि मग जरा खाकरला. "म्हणजे, काउंटीचा."

समितीत पाच जण. बोर्डाचे दोघं म्हणाले काढा. लव्हॉन आणि शेरीफच्या खात्यातला एक जण म्हणाले ठेवा. राहिला हार्लन. सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळल्या, आणि त्याच्या तोंडात बिस्किट होतं.

"पुढच्या बैठकीत सांगतो," तो म्हणाला. "माझ्या माणसांचा अंदाज घेतो."

"अंदाज घे. पण लेझरबद्दल बाहेर एक अक्षर बोलायचं नाही," लव्हॉन म्हणाली. "एवढीशी काउंटी आहे. कोण कधी सुट्टी घेतं, कोण कुठल्या डॉक्टरकडे जातं, सगळं सगळ्यांना ठाऊक असतं. लोक शोधून काढतील."

"माझ्या तोंडाला कुलूप," हार्लन म्हणाला.

कुलूप होतं, पण किल्ली मांजराकडे होती. त्याच्या बायकोनं, कॉरीननं, मांजराला खेळवायला लेझरची एक छोटी बॅटरी आणली होती. बटण दाबलं की जमिनीवर लाल ठिपका पडायचा आणि मांजर त्याच्यामागे धावून धावून भिंतीवर आदळायचं. सकाळी घरून निघताना हार्लनला ती कपाटावर दिसली. दिसली म्हणजे काय, डोळाच मारला तिनं त्याला.

गॅरेजातली जेवणाची खोली सकाळी भरलेली होती. दहा-बारा जण कॉफी फुंकत बसले होते, हिटरवर हातमोजे वाळत होते. हार्लननं दार लावलं आणि घसा साफ केला.

"मित्रहो, आपल्यात एक लखपती आहे. नाव मला माहीत नाही. पण त्याच्या औषधापायी आपल्या सगळ्यांचा पगार कापणार आहेत. विमावाल्यांनी त्याच्यावर लेझर लावलाय."

"काय लावलाय?"

"हा." आणि त्यानं खिशातून बॅटरी काढली.

लाल ठिपका आधी डूएनच्या ढेरीवर पडला. "हा असेल का? नाही, याला औषध नाही, याला कुलूप लागतं फ्रीजला." सगळे खिदळले. मग ठिपका रॉक्सीच्या टोपीवर. "ही? हिला बघून रोगच पळून जातो."

"तुझ्या नाकावर मारीन हं ती बॅटरी!" रॉक्सी ओरडली, पण हसत.

ठिपका भिंतीवरून, कॅलेंडरवरून, कॉफीच्या भांड्यावरून सरकत कोपऱ्यात गेला. तिथं एमिल बसला होता. एमिल म्हणजे खात्याचा मेकॅनिक. कमी बोलणारा, कधी कुणाच्या अध्यात ना मध्यात. हार्लननं त्याला उगाच निवडला नव्हता, खरं सांगायचं तर निवडलाच नव्हता. हात तिकडे वळला, एवढंच. ठिपका एमिलच्या शर्टाच्या खिशावर जाऊन थांबला.

दुसरा कुणी असता तर त्यानं शिवी हासडली असती. नाहीतर मांजरासारखा ठिपक्यावर झेप घेतल्याचं सोंग केलं असतं. एमिलनं खाली बघितलं आणि तळहातानं तो ठिपका झाकला. एखाद्यानं अंगावर सांडलेलं चारचौघांत चटकन लपवावं तसा.

ठिपका त्याच्या हाताच्या पाठीवर चमकत राहिला.

हार्लनचा अंगठा बटणावरून निघेना. मग डूएन म्हणाला, "अरे बापरे. लागला की!" आणि हशा फुटला. एमिल डबा बंद करून कामावर निघून गेला.

त्या दिवसापासून एमिलचं नाव लेझर पडलं. "लेझर, माझ्या गाडीचा पंप बघितलास का?" "लेझर, दहा नंबरचा पाना दे." कुणाच्या मनात वाईट नव्हतं. आमच्याकडे नाव पडतं ते प्रेमानंच, आणि मग माणूस मेला तरी ते जात नाही. पण पगार कापायचं बोलणं जसजसं पसरलं तसतसं त्या हाकेत एक टोक यायला लागलं. "लेझरला विचारा, त्याला परवडतं," असं कुणीतरी म्हणालं, आणि त्यावर कुणी हसलं नाही.

हार्लन स्वतः त्याला लेझर म्हणत नव्हता. नाव चिकटवून झालं की तो नेहमी बाजूला व्हायचा. या वेळी बाजूला व्हायला जागा सापडत नव्हती.

चार दिवसांनी त्याची गाडी दुरुस्तीला लागली. गाडी वर उचललेली, खाली एमिल, हातात ग्रीसचा पंप. आसपास कुणी नव्हतं. हार्लन दिव्याची वायर धरून उभा राहिला, कुणी सांगितलं नव्हतं तरी.

एमिल वर बघतच म्हणाला, "लव्हॉननं सांगितलं का तुला?"

"काय?"

"नाव. कुणीतरी सांगितल्याशिवाय तू माझ्यावर कसा आलास?"

"कुणी नाही रे. शप्पथ. मी नुसताच... हात फिरवत होतो. कुणावरही पडला असता."

एमिलनं पंप खाली ठेवला. चिंधीनं एकेक बोट पुसलं.

"म्हणजे तुला माहीतच नव्हतं."

"नव्हतं."

"मग मीच सांगितलं सगळ्यांना. हात ठेवून." तो जरा हसल्यासारखा झाला. "मी रात्रभर लव्हॉनला शिव्या घातल्या. बिचारी."

हार्लनला काहीतरी बोलायचं होतं. एरवी त्याची जीभ त्याच्या आधी खोलीत शिरायची. आता तो नुसती दिव्याची वायर सरळ करत राहिला.

"माझं नाहीये," एमिल म्हणाला. "माझ्या पोरीचं, टिल्डाचं आहे. तिच्या रक्तात एक गोष्ट तयार होत नाही, ती बाहेरून द्यावी लागते. दर पंधरवड्याला शहरात नेतो. औषध आहे तोवर ती इतर पोरांसारखी आहे. बंद झालं की पाय जाणार, मग श्वास." त्यानं चिंधी घडी करून खिशात ठेवली. "शाळेत कुणाला माहीत नाही. स्केटिंगच्या क्लासला जाते म्हणून सांगते. गाडीत मागच्या काचेपाशी स्केट्स ठेवते, शेजाऱ्यांना दिसतील असे. अकरा वर्षांची आहे, पण डोकं बघ."

"एमिल, मी—"

"थांब. तुला माहीत आहे आपल्याकडे कुणी आजारी पडलं की काय करतात. पेट्रोल पंपावर काउंटरवर लोणच्याची बरणी, तिच्यावर पोराचा फोटो, आत सुट्टे पैसे. शनिवारी बारमध्ये मटणाची सोडत, तिकिटांचे पैसे त्या घराला. लोक चांगले आहेत, देतात. पण मग ती पोरगी बरणीवरची पोरगी होते. कुठंही गेली तरी. मी ही नोकरी धरली ती विम्यासाठी. तिला बरणीवर जायला लागू नये म्हणून." तो पुन्हा गाडीखाली वाकला. "मी तुझ्याकडे मत मागायला येणार होतो. मनाशी वाक्यं जुळवली होती. आता मागितलं तर भीक होईल. तेव्हा मागत नाही. दिवा जरा डावीकडे धर."

हार्लननं दिवा डावीकडे धरला. गाडीचं काम नीट झालं. एमिलनं कधी अर्धवट काम केलं नाही, कुणाचंच.

घरी त्यानं कॉरीनला सगळं सांगितलं. ती बटाटे सोलत होती. ऐकता ऐकता तिचा हात थांबला.

"माफी माग त्याची. सगळ्यांसमोर."

"सगळ्यांसमोर मागितली तर खरंच तो आहे हे पक्कं होईल ना! आत्ता निदान अर्ध्यांना वाटतं की थट्टा होती."

"मग एकट्यात माग."

"एकट्यात गेलो तर मला दिवा धरायला लावतो."

कॉरीननं त्याच्याकडे बघितलं. चाळीस वर्षं ती त्याच्या खोड्यांवर हसत आली होती. लग्नाच्या केकमध्ये त्यानं प्लॅस्टिकचा बेडूक घातला तेव्हाही. "तुझा गुडघा बदलला तो कुणाच्या पैशानं, हार्लन?" तिनं विचारलं. "तेव्हा कुणी बॅटरी मारली होती का तुझ्यावर?"

तो बाहेर जाऊन उगाचच अंगणातला बर्फ काढत बसला. होताच किती, चार बोटं.

बैठकीत त्यानं हात वर केला तो औषध ठेवण्याच्या बाजूनं. त्यात विचार करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. बोर्डाचे दोघं तोंड वाकडं करून उठले. दलालानं नवीन आकडे भिंतीवर टाकले: पगारातून इतकं जास्त, दवाखान्याचं सुरुवातीचं इतकं जास्त. बिस्किटांच्या बशीकडे हार्लननं बघितलं नाही.

लव्हॉन जिन्यात त्याच्याजवळ आली. "चांगलं केलंस."

"हो?"

"गॅरेजात काय झालं ते मी ऐकलंय, हार्लन." तिचा आवाज वर चढला नाही, चढला असता तर बरं झालं असतं. "तक्रार आली असती तर मी तुला समितीवरून काढलं असतं. ज्यानं करायची तो करत नाहीये. का करत नाही ते तुला माहीत आहे."

त्याला माहीत होतं. तक्रार करायची तर सही करावी लागते, आणि सही म्हणजे नाव.

"तुझ्या माणसांना पगाराचं तू सांग," ती म्हणाली. "तो तुझा भाग आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तीच खोली, तेच हातमोजे हिटरवर. हार्लन उभा राहिला. या वेळी हात मोकळे होते, त्यांचं काय करावं कळेना. त्यानं सरळ सांगून टाकलं. किती कापणार, कधीपासून. गलका झाला.

"माझी बायको बाळंत होणार आहे मार्चमध्ये!"

"आम्ही तुला तिथं कशाला पाठवलं होतं, बिस्किटं खायला?"

"एका माणसापायी सगळ्यांनी?" डूएन उभाच राहिला. "कुणासाठी ते तरी कळू दे. नाही म्हणजे, कळलंच आहे म्हणा." त्यानं कोपऱ्याकडे मान वळवली नाही. बाकीच्यांनी मात्र वळवली, एकेकानं, हळूच. एमिल कोपऱ्यात सँडविचचा कागद उलगडत होता. त्यानं कागद पुन्हा मिटला.

हार्लननं आदल्या रात्रीपासून काहीच ठरवलं नव्हतं. तोंडातून आलं ते आलं.

"ते औषध माझं आहे," तो म्हणाला. "तो लेझर माझ्यावर आहे."

कुणीतरी कॉफीचा कप खाली ठेवला. मग डूएनच्या नाकातून कॉफी उडाली.

"तुझं? कसलं औषध, जीभ बारीक करायचं?"

"खरं सांगतोय, डूएन."

"ऐका ऐका, खरं सांगतोय म्हणे!" रॉक्सीनं टेबल बडवलं. "मग त्या दिवशी आपल्याच पोटावर मारायची होतीस ना बॅटरी!"

"मला लाज वाटत होती," हार्लन म्हणाला, आणि त्या वाक्यावर तर सगळी खोली कोसळली. हार्लनला लाज! एक जण खुर्चीवरून घसरला. हार्लन जितक्या गंभीरपणे सांगायला लागला तितके ते जास्त हसायला लागले. त्यानं शपथा घेतल्या. शेवटी बाहीचं बटण काढून दंड उघडा केला आणि बोट ठेवून दाखवलं: "इथं सुई लावतात. दर पंधरवड्याला." त्या जागी नेमका त्यानं तरुणपणी गोंदवून घेतलेला मासा होता.

"सुई माशाला लावतात की तुला?"

त्याला जन्मात एवढा हशा मिळाला नव्हता. लोक डोळे पुसत होते. पगाराचा राग पार विसरून गेले होते. क्षणभर त्याला वाटलं, जमलं. आता लेझर हे नाव आपल्यालाच चिकटेल, चिकटू दे.

तेवढ्यात त्याला दिसलं की हसताहसता डूएनची नजर, सवयीनं, पुन्हा कोपऱ्याकडे निघाली होती. तिथं एकटा एमिल हसत नव्हता. सगळ्या खोलीत तेवढा एकच चेहरा कोरडा होता, आणि तो कुणालाही दिसला असता. एमिललाही कळलं ते. डूएनची नजर पोचायच्या आत एमिल हसला.

मोठ्यानं हसला. दात दाखवून. त्याला हसताना खात्यात फारसं कुणी पाहिलेलं नव्हतं.

"अरे, याला सुई लावणार कशी?" एमिल म्हणाला. "नर्सला शीर तर सापडायला हवी. आत नुसती बिअर!"

खोली उडालीच. एमिल बोलला! एमिलनं विनोद केला! डूएननं जाऊन त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. "वा रे एमिल! कुठं लपवून ठेवला होतास हा?" त्यानं एमिल म्हटलं, लेझर म्हटलं नाही. रॉक्सीनं आपल्या डब्यातला केकचा तुकडा त्याच्यापुढे सरकवला. एमिलनं तो घेतला, खाल्ला, हसत राहिला.

हार्लनला खरं म्हणजे आनंद व्हायला हवा होता. पण त्या विनोदात त्यानं एक गोष्ट ऐकली होती जी बाकी कुणी ऐकली नव्हती. शीर सापडत नाही म्हणून एखाद्या पोरीच्या हातावर नर्स कशी टिचक्या मारत बसते, एकदा टोचते, पुन्हा टोचते, हे शेजारी बसून ज्यानं वर्षानुवर्षं पाहिलंय त्याच्याच तोंडी तो विनोद येऊ शकतो. त्या पोरीच्या हातातलं दुखणं काढून एमिलनं ते इथं टेबलावर टाकलं होतं, खोलीनं हसावं म्हणून. आणि हसताना तो हार्लनकडे बघत होता. डोळे हसत नव्हते. पुढचं तू बोल, असं ते डोळे म्हणत होते, थांबू नकोस, तू थांबलास तर हे परत माझ्याकडे बघतील.

पाळी हार्लनची होती. सगळ्यांचे चेहरे त्याच्याकडे लागलेले, ओठ आधीच फाकलेले. एरवी त्याला अशा वेळी शोधावं लागत नसे.

"बिअर नाही," तो म्हणाला. "ब्रँडी."

तेवढंही पुरलं. ते हसले. एमिलही हसला. हार्लननं दंडावरची बाही खाली ओढली आणि बटण लावायला गेला. दोनदा, तीनदा. ते काही केल्या लागेना, आणि ते न लागणंही गमतीतच आहे असं समजून ते हसतच राहिले.